जाड कापड, माळ्यावरचे मशीन आणि सोळा नंबरची सुई

प्रश्न : आम्ही तिघी शेजारणी बचत गटातून जुन्या जीन्सच्या आणि कॅनव्हासच्या पिशव्या शिवतो, थंडीच्या तोंडावर गोधड्यांचीही मागणी येते. माझ्याकडे चार वर्षांपूर्वी घेतलेले विजेवरचे हलके मशीन आहे. ब्लाउज, परकर, उशांचे अभ्रे त्यावर छान होतात. पण जीन्सच्या जोडावर आले की मशीन घुंऽऽ करून थांबते, टाके सुटतात, कापडाखाली दोऱ्याचा गुंता होतो, आणि गेल्या महिन्यात सहा सुया मोडल्या. दुकानदार २३ प्रकारचे टाके असलेले ‘हेवी ड्यूटी’ मशीन घ्या म्हणतात. दीर म्हणतात, घ्यायचेच तर कारखान्यातले जुकी घ्या. सासूबाईंचे काळे पायमशीन माळ्यावर पडून आहे. आमच्याजवळ २५ हजार रुपये आहेत, पण ते तिघींचे आहेत. चूक परवडणार नाही. काय करावे?
— एक वाचक, जयसिंगपूर

सप्रेम नमस्कार.

पैसे तिघींचे आहेत, म्हणून आधी उत्तर देते आणि मग कारणे सांगते. त्या २५ हजारांपैकी नव्या मशीनवर सध्या एकही रुपया खर्च करू नका. आहे त्या मशीनची सुई आणि दोरा बदलून पाहा, आणि येत्या रविवारी सासूबाईंचे मशीन माळ्यावरून खाली उतरवा. या दोन गोष्टी करूनही काम अडले, तर तिसऱ्या मशीनचा विचार करायचा आणि तोही मी पुढे सांगते त्या रीतीने करायचा.

तुम्ही चार तक्रारी लिहिल्या आहेत, पण त्यांतल्या दोन मुळात एकच आहेत. मशीनचा टाका कसा पडतो हे एकदा ध्यानात घेतले की ते उमगते. एलियास हाउ यांनी अमेरिकेत १८४६ साली पेटंट घेतलेल्या मशीनपासून आजच्या मशीनपर्यंत मूळ तत्त्व तेच आहे: नेढे टोकाशी असलेली सुई वरचा दोरा कापडातून खाली नेते, आणि खालचा दुसरा दोरा त्याच्यात अडकतो. सुई तळाला जाऊन किंचित वर येऊ लागते त्या क्षणी तिच्या अंगाशी दोऱ्याचा एक लहानसा फास सुटतो, आणि शटलचे, म्हणजे खालच्या दोऱ्याभोवती फिरणाऱ्या आकड्याचे, टोक नेमके त्या क्षणी तेथे पोहोचून तो फास पकडते. सुई आणि शटलचे टोक यांच्यात जेमतेम केसाएवढे अंतर असते. बारीक सुई जाड जोडात शिरताना थोडी जरी वाकली, तरी शटलला फास सापडत नाही आणि टाका सुटतो. आणखी वाकली तर ती खालच्या पोलादी पट्टीवर आपटते आणि मोडते. म्हणजे सुटलेले टाके आणि मोडलेल्या सहा सुया यांचे कारण बहुधा एकच असावे: कापडाच्या मानाने सुई बारीक आहे.

सुईच्या पाकिटावर ९०/१४, १००/१६, ११०/१८ असे जोडआकडे छापलेले असतात. त्यांतला मोठा आकडा म्हणजे सुईच्या पात्याची जाडी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १०० नंबरची सुई एक मिलिमीटर जाड असते. साध्या सुती कापडाला १४ नंबर पुरतो. जीन्सला १६ हवा आणि तोही जीन्ससाठी बनवलेल्या, भक्कम पात्याच्या सुईचा. कॅनव्हासचे चार थर आणि वर पट्टीचा बंद आला की १८. आठ-दहा तासांच्या शिलाईनंतर सुई मोडली नसली तरी बदलावी, कारण टोक बोथट झालेली सुई कापडात शिरण्याऐवजी ते खाली दाबते. सुई बसवताना तिच्या अंगावरची लांब खाच ज्या बाजूने दोरा ओवायचा त्या बाजूला आली पाहिजे आणि दांडा वर पूर्ण टेकला पाहिजे. तो अर्ध्या मिलिमीटरने खाली राहिला तरी वर सांगितलेला फास चुकतो.

दोरा सुईला जुळतो का, हे पाहण्याची एक सोपी पद्धत माझ्या शिवण वर्गात मी प्रत्येकीकडून करून घेत असे. हातभर दोरा सुट्या सुईच्या नेढ्यातून ओवा, दोरा दोन्ही हातांत तिरका धरा आणि सुईला वरच्या टोकाकडून सोडा. ती आपल्या वजनाने घरंगळत खाली आली तर जोडी जमली. मध्येच अडकली तर दोरा जाड आहे किंवा सुई बारीक आहे. जीन्सवर शोभेची जाड टीप हवी असेल तर जाड दोरा फक्त वर लावा आणि बॉबिनमध्ये, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळात, नेहमीचा चांगला पॉलिएस्टर दोरा भरा. रिळांवर तिकीट नंबर असतो, तो जितका मोठा तितका दोरा बारीक, म्हणजे सुईच्या अगदी उलट. या उलटसुलट आकड्यांमुळे ४० ऐवजी १२० नंबरचे रीळ घरी येते आणि मग मशीनला दोष दिला जातो.

कापडाखालच्या गुंत्याचे कारण वेगळे आहे. गुंता खाली दिसतो म्हणून आपण बॉबिनला दोष देतो, पण दहांपैकी आठ वेळा चूक वरच्या दोऱ्याची असते. दोरा ओवताना कापड दाबणारा पाय खाली टेकलेला असेल, तर ताणाच्या दोन चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्यामध्ये न शिरता वरच्यावर राहतो. ताण नसलेला दोरा मग सैल होऊन खाली गोळा होतो. म्हणून दोरा ओवताना पाय नेहमी वर उचललेला ठेवावा, आणि ओवून झाल्यावर पाय खाली करून दोरा हाताने ओढून पाहावा. तो अडखळत आला पाहिजे. ताणाची चकती फिरवण्याआधी एवढे नक्की करा.

आता घुंऽऽ करून थांबण्याविषयी. ही तक्रार मात्र खरोखरच मशीनच्या ताकदीची आहे, आणि तिच्यामागचे कारण दुकानात कोणी सांगत नाही. हलक्या घरगुती मशीनच्या साध्या पायडलमध्ये वेग कमी करायचा म्हणजे मोटरला मिळणारी वीज कमी करायची, अशी व्यवस्था असते. जाड जोडावर आपण सावधपणे पायडल हलके दाबतो, आणि नेमक्या त्याच वेळी मोटरचा जोर सर्वांत कमी असतो. मोटर थांबली की पायडल आणखी दाबून धरू नका. फिरू न शकलेल्या मोटरमध्ये विजेची उष्णता साठते आणि गुंडाळी जळते. पायडल सोडा, उजव्या हाताने चाकाचा वरचा भाग आपल्याकडे फिरवत तेवढे सहा-सात टाके हातानेच घाला, आणि जोड ओलांडला की पुन्हा पायडलवर या. मोटरवर लिहिलेले ७० किंवा ९० वॉट हे ती किती वीज खाते याचे माप असते. सुईच्या टोकाशी किती जोर पोहोचतो हे त्यावरून कळत नाही.

आणि तो जीन्सचा जोड मुळात किती जाड असतो? एक जुनी पँट हातात घ्या आणि पायाच्या खालच्या काठाशी, आतली शिवण काठाला मिळते तो कोपरा चिमटीत धरा. काठाच्या दुहेरी दुमडीत कापडाचे तीन थर असतात. आतली शिवण मात्र एकात एक गुंतवून घातलेली, म्हणजे तिथे आधीच चार थर; ते चार थर काठाच्या दुमडीत तिहेरी झाले की बारा. जीन्सचे कापड सुमारे पाऊण मिलिमीटर जाड धरले तर ही गाठ नऊ मिलिमीटरची झाली, आणि बहुतेक घरगुती मशीनचा पाय पाच-सहा मिलिमीटरच वर उचलला जातो. मशीनवर ‘हेवी ड्यूटी’ लिहिले असले तरी जे पायाखाली मावतच नाही ते शिवणार कसे?

त्यामुळे पिशवी कापतानाच अशा गाठी वगळाव्यात. पँटच्या काठाची दुमड कापून टाका, उसवून सपाट करण्यात वेळ घालवू नका. जाड शिवण पिशवीच्या मधोमध उभी येऊ द्या, तिथे ती शोभतेही. पण पिशवीच्या बाजूची टीप तिच्यावरून आडवी जाणार नाही असे बेतून तुकडे कापा. जिथे टाळता येणार नाही, तिथे शिवणीवर ओले फडके ठेवून इस्त्री फिरवा आणि मग लाकडी पाटावर ठेवून हातोडीने चार-सहा ठोके द्या; थर बसतात आणि जाडी डोळ्यांना दिसेल इतकी कमी होते. मशीनचा पाय चढावर आला की तो मागे कलतो, कापडाखालचे सरकते दाते ते नीट पुढे नेत नाहीत आणि टाके एकाच जागी पडतात. म्हणून पायाच्या मागच्या बाजूखाली जीन्सचीच घडी किंवा पुठ्ठ्याचा तुकडा सरकवून पाय सपाट करा. कापड मागून ओढू नका. ओढण्याने सुई वाकते आणि आपण पुन्हा पहिल्या तक्रारीवर येतो. जाड काम करताना चष्मा घाला, नंबर नसला तरी साधा संरक्षक घाला. मोडलेल्या सुईचा तुकडा डोळ्याच्या दिशेने उडालेला मी पाहिला आहे.

टाक्याची लांबी हीही महत्त्वाची. ब्लाउजला इंचात बारा टाके शोभतात, पण कॅनव्हासला आणि जीन्सला इंचात सात पुरेत, म्हणजे साधारण साडेतीन मिलिमीटरचा एक टाका. रेक्झीन असेल तर त्याहून थोडा लांब घ्या, कारण जवळजवळच्या छिद्रांवरून रेक्झीन पोस्टाच्या तिकिटासारखे फाटते आणि चुकीची टीप उसवली तरी छिद्रे कायमची राहतात.

आता सासूबाईंच्या मशीनकडे वळते. कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने १९३०च्या दशकात ‘उषा’ मशिने काढायला सुरुवात केली तेव्हापासून, आणि पुढे लुधियानातल्या कारखान्यांतूनही, हे काळे, ओतीव लोखंडाचे, फक्त सरळ टीप मारणारे मशीन महाराष्ट्रातल्या घराघरांत पोहोचले. तुमच्या कामाला ते तीन कारणांनी योग्य आहे. त्याची सुई डावी-उजवीकडे सरकत नाही, म्हणून तिच्या खालच्या पट्टीला एकच लहान गोल छिद्र असते आणि जाड कापडाला चहूबाजूंनी आधार मिळतो. नागमोडी टाक्याच्या मशीनमध्ये त्याच जागी रुंद फट असते आणि सुई कापडाला त्या फटीत ढकलू पाहते. दुसरे, खालचे मोठे लोखंडी चाक एकदा फिरू लागले की त्याच्या वजनातच जोर साठतो आणि सुई जोडातून पार होते, तेही सावकाश. तिसरे, त्यात बिघडण्यासारखे फारसे काही नाही.

ते उतरवताना डोके आणि टेबल वेगळे करून उतरवा. डोके मागच्या दोन बिजागरींवर नुसते बसवलेले असते. टेबल तिरके झाले तर ते निसटते, आणि दहा-बारा किलोचे ओतीव लोखंड पायावर पडले तर काय होईल ते सांगायला नको. खाली आणल्यावर सुईखालची पट्टी काढा आणि दात्यांमध्ये साठलेला वर्षानुवर्षांचा कापसाचा थर ब्रशने झाडा. चाक जड फिरत असेल तर बहुधा जुने तेल सुकून पिवळ्या चिकट रोगणासारखे झालेले असते. प्रत्येक तेलाच्या छिद्रात रॉकेलचे दोन-दोन थेंब सोडून, जवळपास शेगडी किंवा दिवा नसल्याची खात्री करून, चाक हाताने फिरवत राहा. मळ बाहेर आला की पुसा, रात्रभर तसेच ठेवा आणि दुसऱ्या दिवशी शिलाई मशीनचे पातळ पांढरे तेल घाला. खोबरेल किंवा गोडेतेल कधीही घालू नका. आज मशीन हलके फिरेल आणि सहा महिन्यांनी पुन्हा घट्ट होईल. तुमच्या विजेच्या मशीनला मात्र पुस्तिकेत सांगितले असेल तिथेच तेल द्या.

पट्टीच्या छिद्राच्या कडेवरून कापसाचा बोळा फिरवा. तंतू अडकले तर तिथे जुन्या सुयांनी ओरखडे पाडले आहेत आणि दोरा तिथेच तुटणार. बारीक पॉलिश पेपरने ती कड घासून गुळगुळीत करा. चामडी पट्टा वाळून भेगाळला असेल तर नवा घाला. पावसाळ्यात तो सैल पडतो, तेव्हा थोडा कापून पुन्हा जोडावा लागतो. जुन्या मशीनला उलटी टीप नसण्याची शक्यता आहे. तसे असेल तर टीप संपताना सुई कापडात रोवलेली ठेवून पाय उचला, कापड फिरवा आणि त्याच टिपेवरून चार टाके परत या.

पायमशीन चालवण्याची सवय नसेल तर दोरा न ओवता, कापड दाबणारा पाय वर उचलून ठेवून, आधी नुसते आपल्या पायांनी चाक फिरवायला शिका, कारण चाक उलटे फिरले की दोरा तुटतो. हे शिकवायला तुमच्या घरात माणूस आहे. सासूबाईंना बोलवा; त्यांचे पाय ही लय विसरलेले नसतील, आणि त्यांचे मशीन पुन्हा चालू होताना त्या तिथे असाव्यात असे मला मनापासून वाटते. मोटर नंतर बसवता येते. पण जाड कामासाठी निदान महिनाभर पायानेच चालवून पाहा. वेग कमी मिळेल, पण प्रत्येक टाका तुमच्या ताब्यात राहील.

गोधडीचे काम वेगळे आहे. चार-सहा जुन्या साड्यांचे थर दाबले जातात, त्यामुळे सुईला ते जड नसतात. अडचण अशी की दाते खालचा थर पुढे नेतात, पाय वरचा थर मागे ढकलतो, आणि टीप संपेपर्यंत वर चुण्या पडतात. यावर उपाय म्हणजे मधून कडेकडे जात, वीतभर अंतरावर हाताने मोठा कच्चा धागा घालून सगळे थर आधी बांधून घेणे, पायाचा दाब थोडा सैल करणे आणि गोधडी गुंडाळून मशीनच्या कमानीत सरकवणे. कमानीत जागा सहा-सात इंचांचीच असते. म्हणून माझे मत असे की गोधडीच्या कडा आणि पट्ट्या मशीनवर शिवा, पण मधला भाग धावदोऱ्यानेच भरा. हाताच्या टाक्याची गोधडी अंगावर मऊ पडते, आणि जो ग्राहक मुद्दाम गोधडी शोधत येतो तो त्या टाक्याचेच जास्त पैसे देतो.

एवढे करूनही मागणी वाढली आणि नवे मशीन घ्यायची वेळ आली, तर ‘हेवी ड्यूटी’ या शब्दाऐवजी मशीन पाहा. सिंगरच्या त्या नावाच्या मालिकेतले ४४२३ हे मशीन मिनिटाला १,१०० टाके घालते आणि त्याचा आतला सांगाडा धातूचा आहे. कधीमधी जीन्स, पडदे, सोफ्याची कव्हरे शिवणाऱ्या घराला ते चांगले आहे. पण टाक्यांचा वेग म्हणजे जोर नव्हे, आणि पिशवीला २३ टाक्यांपैकी दोनच लागतात. दिरांचे म्हणणेही अगदी चुकीचे नाही. जुकी हे जपानी कंपनीचे नाव, पण आपल्याकडे कारखान्यातल्या कोणत्याही सरळ टिपेच्या मशीनला तसे म्हणतात. ते रोज सात-आठ तास चालण्यासाठीच बनवलेले असते. मात्र त्याला चार फुटी टेबल लागते, खाली तेलाची परात असते, सुया गोल दांड्याच्या आणि वेगळ्या असतात, आणि सर्वसाधारण मॉडेल हलक्या व मध्यम कापडासाठीच असते. जाड कापडाचे मॉडेल स्पष्टपणे मागावे लागते. मोटर सर्व्हो प्रकारचीच घ्या. ती पायडल दाबले तेव्हाच फिरते आणि तिचा वेग कमी करून ठेवता येतो, तर जुन्या क्लच मोटरचा गुणगुणाट बटण चालू असेपर्यंत थांबत नाही.

दुकानात जाताना पिशवीतून तीन तुकडे न्या: जीन्सचा जाड जोड, बंद लावलेला चार पदरी कॅनव्हास आणि गोधडीच्या सहा थरांची वीतभर पट्टी. सोबत तुमचा दोरा आणि १६ व १८ नंबरच्या सुया. दुकानदार बहुधा कडक खळीचे सुती कापड दुमडून त्यावर भराभर टीप मारून दाखवतात, आणि त्या कापडावर कोणतेही मशीन सुरेख चालते. मी स्वतः एकदा एवढेच पाहून मशीन घेतले आणि घरी पहिल्याच रेक्झीनच्या पिशवीवर पस्तावले. तुम्ही स्वतः बसा. सर्वांत कमी वेगाने शिवा, जोडाच्या बरोबर मध्यावर थांबा आणि तिथूनच पुन्हा सुरू करा. चाकाला हात न लावता मशीन निघाले तर त्यात जोर आहे. मग कापड उलटून खालची टीप पाहा, पाय किती उचलतो ते पट्टीने मोजा, सरळ टिपेची लहान छिद्राची पट्टी मिळते का आणि दुरुस्ती करणारा कारागीर जयसिंगपुरात किंवा निदान सांगली-कोल्हापुरात आहे का, ते विचारा.

पैशांविषयी एक माहिती. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे, आणि तीत साधनांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे. ती गटाला नव्हे, व्यक्तीला आणि एका कुटुंबात एकालाच मिळते. शिंपीकामाची नोंदणी सध्या घेतात का, हे जवळच्या सेवा केंद्रात विचारून घ्या.

सध्या पट्टा, सुया, दोरा आणि तेल यांवर होणारा खर्च गटाच्या वहीत लिहून ठेवा. सासूबाईंच्या मशीनवर जीन्सच्या जोडावरून मारलेली पहिली टीप जमली, की त्या तुकड्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो मला पाठवा. खालची बाजू पाहून दोऱ्याचा ताण किती फिरवायचा ते मी कळवीन.